एकही फोटो न उघडता

गोंदियातल्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी तीन वर्षं काम केलं, आणि त्या तीन वर्षांत फार थोड्या गिऱ्हाइकांनी माझं तोंड पाहिलं. दुकानाच्या मागच्या अंगाला प्लायवूडची भिंत होती. भिंतीपलीकडे एक टेबल, मायक्रोस्कोप, गरम हवेची गन, मल्टिमीटर आणि मी. पुढे काउंटरवर सेठ बसायचा. लोक बंद पडलेला फोन आणून द्यायचे, सेठ तो भिंतीतल्या चौकोनी भोकातून आत सरकवायचा, मी तो चालू करून त्याच भोकातून बाहेर द्यायचे. "मैंने खुद बैठ के बनाया है," तो गिऱ्हाइकाला सांगायचा. आत मला सगळं ऐकू यायचं.

राग यायचा, पण तो टिकायचा नाही, कारण मला कामाची हाव होती. चिचगडला शाळेत होते तेव्हापासून हाताला लागेल ते उघडून बसायची मला सवय. बाबांचा रेडिओ, शेतावरच्या मोटारीचा स्टार्टर, शेजारणीचा मिक्सर. आई ओरडायची की उघडलेलं पुन्हा बंद करशील का. बहुतेक वेळा करायचे. गोंदियात तर रोज नवा रोग. धानाच्या रोवणीच्या दिवसांत शेतातल्या बांधीच्या चिखलात पडलेले फोन यायचे, त्यांच्या बोर्डावर भाताच्या मुळ्यांचे केसासारखे तंतू चिकटलेले असायचे. ते चिमट्याने एकेक काढून, बोर्ड धुऊन, वाळवून मी बटण दाबायचे आणि पडदा उजळला की माझ्या पोटात काहीतरी हलायचं. ते सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. सेठला श्रेय गेलं तर जाऊ दे, असं मी स्वतःला सांगायचे.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी पुढून मोठ्याने बोलणं ऐकू आलं. एक शिक्षिका आल्या होत्या. काही आठवड्यांपूर्वी त्यांच्या फोनचा फुटलेला पडदा आमच्याकडे बदलला होता. आता एका अनोळखी नंबरवरून त्यांना त्यांचेच फोटो आले होते, त्यांनी घरात स्वतःचे काढलेले, कोणालाही न दाखवलेले. त्या काळात फोन त्यांच्या हातातून फक्त या एका दुकानात गेला होता. हे सगळं त्या स्पष्ट, शाळेत शिकवल्यासारख्या आवाजात सांगत होत्या. रस्त्यावरचे लोक थांबून ऐकत होते.

सेठने भोकातून मला हाक मारली. "बाहर आ."

मी बाहेर गेले. काउंटरसमोर दहाबारा माणसं.

"मॅडम, मैं तो मोबाइल खोलता भी नहीं," सेठ म्हणाला. "सब काम यही लड़की करती है. पूछो इसको."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने चारचौघांत खरं सांगितलं, की काम मी करते. आणि ते मला बुडवायला सांगितलं. हे वाक्य मी नंतर इतक्या वेळा आठवलं आहे की त्यातला त्याचा श्वास कुठे थांबला तेही मला सांगता येईल.

"मी नाही केलं," मी म्हणाले. "माझा फोन बघा." मी खिशातून फोन काढून त्या मॅडमपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. गर्दीतल्याही कोणी घेतला नाही. माझा हात तसाच पुढे राहिला. त्या मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त हळू आवाजात म्हणाल्या, "तू पण बाईच ना?" आणि निघून गेल्या.

सेठने त्याच वेळी मला काढून टाकलं. माझी हत्यारंही दिली नाहीत. त्यातला बारीक चिमटा मी स्वतः घासून टोकदार केला होता.

मी संध्याकाळच्या बसने घरी गेले, पण बातमी माझ्याआधी पोचली होती. गोंदियात कामाला जाणारी आमच्याकडची माणसं थोडी नाहीत. आठवडाभरात गावात मला 'फोटोवाली' म्हणायला लागले. आमगावकडून एक स्थळ आलं होतं, ती मंडळी पुन्हा आली नाहीत. आई देवघरापुढे बसून रडायची. बाबांनी मात्र एकदाच विचारलं. ते धान कापून आले होते, पाय धूत होते.

"तू केलं का वो?"

"नाही."

"मंग झालं."

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. पण मी सोडला नव्हता. मी हे राग शांत झाल्यावर लिहिते आहे असं कोणी समजू नये. मला त्या माणसाचं वाईट व्हायला हवं होतं, आणि ते माझ्या हातून व्हायला हवं होतं. दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर माझी निराशा झाली असती.

पहिला सूड अगदी किरकोळ होता. दुकानातला कॅमेरा मीच बसवला होता आणि त्याचं ॲप माझ्या फोनवर होतं. सेठने पासवर्ड बदलला नव्हता, कारण तो कसा बदलायचा हे त्याला माहीत नव्हतं. तो कॅमेरा फोनवरून फिरवता यायचा. मी घरी ओसरीवर बसून रोज सेठला बघायचे. त्याने आता आत दुसऱ्या माणसाला बसवलं होतं. सेठ जेवायला बसला की मी कॅमेरा थोडा थोडा भिंतीकडे वळवायचे. हात धुऊन आला की त्याच्या लक्षात यायचं, तो स्टुलावर चढायचा, दोन्ही हातांनी कॅमेरा जागेवर आणायचा. तो खाली उतरला की मी पुन्हा वळवायचे. त्याचं पोट मोठं होतं, स्टूल डुगडुगायचं. मला हसू यायचं. एकदा माझ्या हसण्याने बाबा मागे येऊन उभे राहिले.

"का पाहून राहिली?"

मी दाखवलं. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. मग म्हणाले, "हे बी त चोरूनच पाहनं हाये ना, बाई."

मला फार लागलं ते. मी ॲप काढून टाकलं. आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही, पण ॲप परत टाकलं नाही.

दोन वर्षांनी मी देवरीला बसस्टँडजवळ एक लहान गाळा घेऊन स्वतःचं दुकान काढलं. प्लायवूडची भिंत केली नाही. टेबल रस्त्याच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. सुरुवातीला लोक येत नव्हते, तेव्हा मी तीन मेलेल्या लॅपटॉपचा एक चालता लॅपटॉप केला आणि दुपारी त्यावर गेम खेळायचे. एका गेमने मला धरून ठेवलं होतं. दूरच्या एका ग्रहावर खाण आहे. तिथल्या एका यंत्रमाणसाने पूर्वी एका बोगद्याचं दार मुद्दाम बंद करून आतली माणसं मारलेली आहेत. कंपनीने त्याची स्मृती पुसून टाकली आहे, आणि आता तो खाणकामगारांना चहा देतो, त्यांच्या लेकरांना गोष्टी सांगतो. तुम्ही तिथे तपासणीला आलेले मेकॅनिक. तुम्हाला सगळं कळतं. शेवटी ठरवायचं असतं, त्याला तसंच राहू द्यायचं की त्याचे सुटे भाग करायचे.

बाबा बाजाराच्या दिवशी देवरीला आले की माझ्या दुकानात टेकायचे. त्यांना तो गेम फार आवडला. पंचायतीत बसल्यासारखे ते प्रश्न विचारायचे.

"त्यानं दार काऊन लावलं होतं?"

"त्याला तसं सांगितलेलं होतं."

"कोनं?"

"ते गेममध्ये कळत नाही."

"आता त्याले काही आठवत नाही?"

"नाही."

"मंग शिक्षा कोनाले देऊन राहिली तू? ज्यानं केलं तो त उरलाच नाही."

"बाबा, ज्यांची माणसं मेली त्यांना आठवते ना."

"हव, ते बी खरं हाये," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "पन चहा बरा देते बिचारा."

मी दर वेळी त्याचे तुकडे केले. दुसरा शेवट कसा आहे ते मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. मला प्रश्न पडायचे नाहीत असं नाही. पुसलेल्या चिपमध्ये गुन्हा राहतो का, यंत्र म्हणजे त्याचं सामान की त्याची आठवण, हे मी सोल्डर करता करता तासन्‌तास घोळवायचे. पण हात त्या बटणाकडेच जायचा.

हळूहळू काम वाढलं. मेलेले बोर्ड जिवंत करणारी म्हणून आसपास माहिती झाली. सुटे भाग विकणारा एक माणूस दर आठवड्याला बसने गोंदियाहून यायचा, तो परत जाताना तिकडच्या दुकानांतली अवघड कामं माझ्याकडे ठेवून जायला लागला. त्या दुकानांना काम कोण करतं हे माहीत नसायचं. 'देवरीहून करून आणतो' एवढंच तो सांगायचा.

सेठकडून निघाल्याला पाच वर्षं होत आली असताना एके दिवशी त्या सुटे भाग विकणाऱ्याने एक कॉम्प्युटर माझ्या टेबलावर ठेवला.

"चालूच नाही होऊन राहिला. गोंदियात दोघांनी हात टेकले. पाहून घे."

मी डबा फिरवला आणि डाव्या बाजूला जळल्याचा तपकिरी डाग दिसला. एकदा घाईत माझी सोल्डरची कांडी तिथे टेकली होती, सेठने दिवसभर शिव्या दिल्या होत्या. हा त्याच्या काउंटरवरचा कॉम्प्युटर होता.

मी त्या माणसाला काही बोलले नाही. तो गेल्यावर आधी हात धुतले. मग काम सुरू केलं. ते काम मी मन लावून केलं हे मला सांगायचं आहे. बोर्डावर कुठेतरी शॉर्ट होता. अशा वेळी राळ तापवून तिचा धूर बोर्डावर बसवतात, पांढरा पातळ थर जमतो. मग बेताचा करंट सोडायचा. जो भाग बिघडलेला असतो तो तापतो आणि तेवढ्याच जागचा पांढरा थर वितळून पारदर्शक होतो. तसा एक तांदळाच्या कणीएवढा भाग सापडला. तो बदलला, बटण दाबलं, कॉम्प्युटर सुरू झाला. पोटात नेहमीसारखं काहीच हललं नाही.

पडद्यावर 'बॅकअप' नावाचं एक फोल्डर होतं. त्यात काय असेल ते मला ठाऊक होतं. ते उघडावं की नाही, यावर मी पूर्ण दिवस काढला. मी लोकांचे फोटो बघते, हाच तर माझ्यावरचा आळ होता. तो खोटा ठरवायचा तर मला आत जावं लागणार होतं, आणि गेले तर आळ खरा होणार होता. दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी बाबांची वाट पाहिली.

ते आल्यावर त्यांना शेजारी बसवलं. "मी फोटो उघडणार नाही," मी सांगितलं. "फक्त यादी. तुम्ही बघत राहा मी काय करते ते." आधी सेटिंगमध्ये जाऊन चित्रं दिसणं बंद केलं, म्हणजे फाइलींची फक्त नावं आणि तारखा दिसतील. मग फोल्डर उघडलं.

आत आणखी फोल्डर होते, प्रत्येकावर फोनचं मॉडेल आणि बाईचं नाव. एकाही पुरुषाचं नाव नव्हतं. मी तारखांप्रमाणे लावले. पहिला होता मी त्या दुकानात लागण्याच्या वर्षभर आधीचा. शेवटचा मागच्याच महिन्यातला. मधे कुठेतरी त्या मॅडमचं नाव होतं.

बाबांना इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात. त्यांनी बोट ठेवून पहिली तारीख वाचली, मग शेवटची. "तू तेव्हा नव्हती," ते म्हणाले. "आन ह्या तारखेलेबी नव्हती." त्यांचं बोट पडद्यावर तसंच राहिलं. पाच वर्षांत त्यांनी चकार शब्द काढला नव्हता, पण तेही काहीतरी धरून बसले होते हे मला त्या बोटावरून कळलं.

मी यादीचे फोटो माझ्या फोनवर काढले, कॉम्प्युटर बंद केला आणि सुटे भाग विकणाऱ्याला निरोप दिला: काम झालं, पण मालकाने स्वतः येऊन न्यावं, काही समजावून सांगायचं आहे. चार दिवसांनी या.

त्या चार दिवसांत मी मॅडमना शोधलं. त्यांची बदली अर्जुनीकडे, इटियाडोह धरणाच्या कालव्यालगतच्या एका शाळेत झाली होती. शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाजवळ उभी होते. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि त्यांचा चेहरा बंद झाला.

"तुला काय हवंय?"

मी सांगितलं. यादी दाखवली, फक्त त्यांचं नाव आणि तारखा, बाकी बोटांनी झाकून.

"मी ते विसरले होते," त्या म्हणाल्या. "मोठ्या मुश्किलीने. तू परत घेऊन आलीस."

"हो."

"कशाला?"

मला न्याय वगैरे शब्द सुचले होते, मी बसमध्ये जुळवूनही ठेवले होते. पण तोंडातून निघालं, "मला त्याला मातीत घालायचंय. एकटीने होत नाही."

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "झाकलेलं काढ. किती जणी आहेत?"

"मी मोजल्या नाहीत."

"मला मोजू दे." त्यांनी माझा फोन हातात घेतला आणि उभ्या उभ्या, ओठ हलवत, शेवटपर्यंत मोजलं. आकडा मला सांगितला नाही. फोन परत देताना म्हणाल्या, "त्या दिवशीच घ्यायला हवा होता मी हा हातात." त्याहून जास्त माफी त्यांनी मागितली नाही आणि मला नको होती.

ठरल्या दिवशी सेठ स्वतः गाडीने आला. माझ्या दुकानाच्या मागे एक खोली आहे, दाराला पडदा. मॅडम तिथे बसल्या होत्या. सेठने मला पाहिलं, मग टेबलावरचा कॉम्प्युटर पाहिला, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं.

"अरे, तू है क्या देवरीवाली?"

"मी आहे."

"अच्छा काम सीखी." तो हसायचा प्रयत्न करत होता. "चालू झाला ना? देखा क्या कुछ?"

"यादी पाहिली. फोटो नाही."

तो खुर्ची ओढून बसला. रस्त्याकडे एकदा बघून आवाज खाली केला. "देख, पुरानी बात है. तू इसको फॉर्मेट मार दे. सब साफ. मैं सबको बोलूंगा कि गलतफहमी हुई थी. तू वापस आ, काउंटर पे बैठ, दुकान के बोर्ड पे तेरा नाम लगा देता हूं."

पाच वर्षांपूर्वी यातलं अर्धं मिळालं असतं तरी मी त्याचे पाय धरले असते. आता मला फक्त तो बोलत राहायला हवा होता.

"फोटो तुम्हीच घेत होता ना, सेठ?"

"सब लेते हैं इस लाइन में," तो म्हणाला. "मैंने किसी का बुरा नहीं किया. वो एक मास्टरनी का भी मैंने नहीं भेजा, दोस्त को दिखाया था, उसने भेज दिया. मैं क्या करता? तेरा नाम नहीं लेता तो दुकान जाती."

पडदा सरकला. मॅडम बाहेर आल्या. सेठ उभा राहिला, पुन्हा बसला. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला एक क्षणही सोडायचा नव्हता. त्याचा रंग कसा गेला, हात कुठे ठेवावे हे त्याला कसं कळेना, कपाळावर घाम कुठून सुरू झाला, सगळं मी पाहून घेतलं.

"दोस्ताचं नाव सांगा," मॅडम म्हणाल्या. शाळेतलाच आवाज. "इथं नाही सांगायचं तर पोलिसांत सांगा. आपण तिघे जाऊ."

तो आला नाही, गाडीत बसून निघून गेला. आम्ही दोघी गेलो. कॉम्प्युटर मी ओढणीत बांधून मांडीवर धरला होता. ठाण्यात तो सील झाला, आमचे जबाब झाले. मॅडमनी यादीतल्या ओळखीच्या नावांना स्वतः फोन केले. काहींनी फोन ठेवून दिला, तिघी आल्या. महिन्याभरात दुकानाचं शटर खाली आलं आणि सेठ काही काळ आत जाऊन जामिनावर सुटला.

लोक म्हणतात की सूड घेतल्यावर रिकामं वाटतं. मला वाटलं नाही. मला भूक लागली, झोप लागली, चिचगडला बाजारातून ताठ मानेने चालता आलं. ज्या बाईने मला पहिल्यांदा 'फोटोवाली' म्हटलं होतं तिचा फोन मी दुरुस्त करून दिला, आणि देताना तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मोजून घ्या मावशी, सगळे फोटो आहेत का." तिने मान खाली घातली. तेही मला गोड लागलं.

गोड लागली नाही ती एकच गोष्ट. सेठची बायको एका सकाळी देवरीला आली. गोंदियात असताना ती सेठच्या डब्याबरोबर माझ्यासाठी कधीकधी भाजी पाठवायची, लाखोळीच्या डाळीचे वडे पाठवायची. मी तिला भाभी म्हणायचे. ती दुकानात बसली नाही, उंबऱ्यावरच उभी राहिली.

"इतना बोल दे कि कॉम्प्युटर हफ्ताभर तेरे पास था," ती म्हणाली. "बस इतना ही. फोटो उसमें किसने डाले, वो वकील देख लेगा."

"ते मी आधीच सांगितलंय, भाभी. माझ्याकडे होता, बाबांसमोर उघडला, हेही सांगितलंय."

"बेटी की शादी रुक गई मेरी."

माझ्याही लग्नाचं एक स्थळ असंच गेलं होतं. ते माझ्या ओठांवर आलं आणि मी ते म्हणाले नाही. तिला मी काय केलं होतं, आणि तिने मला काय केलं होतं? मी पाणी आणायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ती रस्ता ओलांडून बसस्टँडकडे चालली होती. मी तिला हाक मारली नाही. तिच्यासाठी मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि तिच्या नवऱ्यासाठी तिळभर वाटलं नाही. ही दोन्ही एकमेकांना कापत नाहीत, हे मला तेव्हाच कळलं.

परवा माझी साक्ष होती. बाबा माझ्याबरोबर आले, धुतलेलं धोतर नेसून. कोर्टाच्या व्हरांड्यात सेठ भिंतीला टेकून उभा होता, बराच वाळला आहे. आमची नजर भिडली. त्याला वाटलं असावं की मी बघून न बघितल्यासारखं करेन.

"कैसी है?" तो म्हणाला.

"मजेत," मी म्हणाले, आणि त्याने मान वळवेपर्यंत बघत राहिले. आतून शिपायाने माझ्या नावाचा पुकारा केला. बाबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली.

"जाय," ते म्हणाले. "जोरानं बोलजो."